कौसल्याचं ताट

कौसल्याबाईंच्या पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून जे स्टीलचं ताट होतं, त्यात आजवर कोणी जेवलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने, देवरावांनी, ते जेवायला घेतलं होतं. नवी नवरी अशी काही कडाडली की बिचाऱ्याने पुन्हा त्या डब्याकडे वळून पाहिलं नाही.

ते ताट वसतिगृहाचं. म्हणजे जायचं होतं, गेलं नाही. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षांत आपल्या लोकांनी वर्गणी काढून उत्तर नागपुरात मुलींचं कॉलेज उभं केलं, तेव्हा कौसल्याच्या बापाने गावाहून येऊन तिथे फुकट गिट्टी वाहिली. "माही पोरगी इथंच शिकन," असं तो तेव्हापासून सांगत सुटला होता, पोरगी जन्मायच्याही आधीपासून! पुढे बारावी झाली, प्रवेश मिळाला. वसतिगृहात ताट आपलं आपण न्यावं लागे, म्हणून मायने इतवारीच्या बाजारातून ते घेतलं आणि दुकानातच त्यावर लेकीचं नाव घालून आणलं. अन् जायच्या आठवड्यात मायने अंथरूण धरलं, ते धरलंच. धाकट्या भावंडांना कोण रांधून घालणार? भरलेली ट्रंक रिकामी झाली. मग लग्न, देवरावांच्या हिंगण्याच्या कारखान्यातल्या पाळ्या, पोरांची शिक्षणं, सगळं यथासांग पार पडलं. पण ऑटो त्या कॉलेजवरून जायला लागला की बाई अजूनही मान फिरवून दुसरीकडे बघत. इतकी वर्षं झाली, तरी ते दुखायचं थांबलं नव्हतं.

यंदा तिथल्या माजी विद्यार्थिनींनी मदतीचं आवाहन केलं. गावाकडच्या मुली खानावळीचा खर्च झेपत नाही म्हणून कॉलेज सोडून जात होत्या. प्रत्येक माजी विद्यार्थिनीने आपल्या नावाचं ताट द्यायचं आणि त्यात जेवणाऱ्या मुलीच्या जेवणाचा वर्षभराचा भार उचलायचा. विहारात हे ऐकून आल्यापासून कौसल्याबाईंचं कशात लक्ष लागेना.

"देऊन टाक ना मंग," देवराव म्हणाले. "पेन्शन हाय ना आपली."

"मी कुठं शिकली तिथं? मी माजी कशाची?"

"अवं, इचारून तर पाय. डबा काय, मी दुसऱ्या कशानं झाकीन."

मदत गोळा करायचं काम मेघा नावाची वकीलबाई बघत होती. कॉलेजच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसली होती.

"जय भीम, काकू! कोणती बॅच तुमची?"

थाप अगदी जिभेवर आली होती. कोण शोधायला बसलंय? पण बापाने गिट्टी टाकलेल्या जमिनीवर उभं राहून बाईंना खोटं बोलवेना.

"बॅच नाही, बाई. प्रवेश भेटला होता. आलीच नाही मी." पिशवीतून ताट काढून त्यांनी पुढे सरकवलं. "मले नाही येता आलं. याले तरी ठेवून घ्या."

मेघाने ताटाच्या काठावरून बोट फिरवलं. ना नवऱ्याचं नाव, ना आडनाव, नुसतं कौसल्या. नव्या कोऱ्या ताटांच्या चळतीवर तिने ते सगळ्यांत वर ठेवलं.

"येऊन जात जा, काकू," ती म्हणाली.

पण बाईंना लगेच धीर झाला नाही. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर एका दुपारी त्या गेल्या आणि खानावळीबाहेरच्या बाकावर टेकल्या. आत भांड्यांचा खणखणाट, पोरींचा कलकलाट चालला होता. घंटा झाली आणि जिन्यावरून कोणीतरी खच्चून ओरडलं,

"कौसल्या! अवं कौसल्या, चाल ना! तास सुरू झाला!"

कौसल्याबाई ताडकन उठल्या. पदर खोचला, चपला पायात सरकवल्या. "आली, आली!" म्हणत जिन्याकडे निघाल्यासुद्धा.

मागून एक काटकुळी पोरगी ओले हात ओढणीला पुसत धावत आली आणि त्यांच्यापाशी थबकली. "आजी, तुम्ही कुठं निंघाल्या?"

"कुठंच नाही, माय. मले वाटलं, मलेच आवाज देला."

पोरगी हसली. "मले देला, आजी. मी मयुरा. पण इथं साऱ्याजणी एकमेकींले ताटावरच्या नावानंच बलावतात. मी कौसल्या!"

बाईंनी डोळे पुसून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला जिन्याकडे ढकललं.

"मंग उभी काहून राहिली वं? जाय पटकन. आधीच लय उशीर झाला."