डबा रोतियाकडे आहे

आमच्या बेटावर कुणी बुबुती केली, म्हणजे समोर बसून तोंडाने काही मागितलं, तर नाही म्हणता येत नाही. चप्पल मागितली तर चप्पल काढून द्यायची आणि अनवाणी घरी जायचं. नाही म्हणणाऱ्याची बेटभर छी-थू होते.

टेगनला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ऑस्ट्रेलियाहून आमच्या शाळेत शिकवायला आलेली पोरगी. पगार नाही, पोटापुरता भत्ता. राहायला आमच्या घरी. आल्या आल्याच लोकांनी तिची बॅटरी मागितली, छत्री मागितली, एकाने तर किटली, मग पैसेही. तिला वाटलं, वापरून परत आणून देतील. महिना निम्माही सरला नव्हता आणि बाईसाहेब सुकं खोबरं चघळत बसलेल्या.

"आई, अंगाला लावायला साबणसुद्धा उरला नाही," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग आता खरी इथली झालीस," माझा नवरा बाउरो म्हणाला. "माझी सायकल अशीच गेली. दर रविवारी माझ्यासमोरून चर्चला जाते. मी तिला हात करतो."

मला दया आली. मग मी तिला जगायला शिकवलं. विहिरीचं पाणी जपून कसं वापरायचं, जहाज आलं की तांदळाचं पोतंच कसं घ्यायचं, मासे विकत न घेता बाउरोच्या होडीची वाट कशी बघायची. ती चटकन शिकली. भत्ता आला की डब्यात चार पुरचुंड्या बांधायची: तांदूळ, रॉकेल, साबण, आणि चौथी नाताळात मैत्रिणींबरोबर फिजीला जाण्यासाठी.

शेवटी आई फक्त लेकीला सांगते ते गुपितही मी तिला सांगितलं.

"डबा माझ्याकडे ठेव. कुणी पैसे मागितले की म्हणायचं, द्यायचे होते हो, पण डबा मारेवाकडे आहे."

"हे खोटं नाही का?"

"डबा माझ्याकडेच आहे ना? मग खोटं कसं?"

"आणि ते तुझ्याकडे आले तर?"

"येत नाहीत. समोरचा मान हलवतो आणि उठतो. त्याला कळतं. दुसरा प्रश्न विचारायची रीत नाही. अगं, आम्ही सगळे असंच करतो, नाहीतर अंगावर लुगडी राहिली नसती."

ती पोट धरून हसली. त्या दिवसापासून डबा माझ्या पेटीत.

ऑक्टोबरात रेडिओवर माझ्या नावाने निरोप आला. धाकटी बहीण अकोया राजधानीच्या बेटावर, तारावाच्या दवाखान्यात होती, फार दिवस काढणार नव्हती, मारेवाने भेटून जावं. टेगन माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझा हात धरला. जहाजाचा भरवसा नव्हता. विमान होतं, पण भाड्याला आमच्याकडे दमडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने डबा मागितला. "साबण आणायचाय," म्हणाली. मी उठून दिला. मनात काही आलंच नाही.

संध्याकाळी मी तिच्यासमोर जाऊन बसले. इतक्या महिन्यांत मी तिच्याकडे कधी बुबुती केली नव्हती. लेकीकडे कोण करतं?

"टेगन, विमानापुरते दे. अकोयाचं तोंड बघून येते."

तिने मुलांच्या वह्यांतून मान वर केली नाही. मी घासूनपुसून दिलेल्या उच्चारात, आमच्या भाषेत म्हणाली, "द्यायचे होते गं आई, पण डबा रोतियाकडे आहे."

रोतिया म्हणजे शाळेतली दुसरी बाई. क्षणभर मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग मी मान हलवली आणि उठले.

"परकी आहे ती," बाउरो बाहेर म्हणाला. "तिला काय कळतंय?"

"सगळं कळतंय. गुरूची विद्या गुरूला फळली."

ती सरळ नाही म्हणाली असती तर मी चार दिवस फुगले असते आणि विसरले असते. परकीला नाही म्हणायची मुभा होती. पण तिने मला किटली मागणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं, आणि तेही मी दिलेल्या वाक्याने. माझ्या हाताने ताटात वाढलेलं खाऊन. ते मला आजही पचलेलं नाही.

जहाज यायच्या आधी अकोया गेली. तेही रेडिओवरच कळलं. टेगन माझ्या गळ्यात पडून रडली. मी रडू दिलं. नाताळात ती फिजीला गेली, येताना माझ्यासाठी वासाचा साबण घेऊन आली. मी तो वापरला. साबणाचा काय दोष?

वर्ष संपलं, तिची जायची वेळ झाली. निरोपाला मी घरातली चांगली चटई अंथरली होती, काळ्या काठाची, अकोयाने विणलेली. दारात माणसं फुलांचे हार घेऊन उभी होती, त्यांत रोतियाही. टेगन चटईवरून हात फिरवत म्हणाली, "आई, ही मला दे ना. तुझी आठवण म्हणून."

सगळ्यांसमोर, तोंडाने मागितलेलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"द्यायची होती गं पोरी," मी म्हणाले, "पण चटई रोतियाकडे आहे."

आम्ही दोघी त्याच चटईवर बसलो होतो. तिने खाली पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग तिने मान हलवली आणि ती उठली. दुसरा प्रश्न विचारला नाही.