शिवराम-१ नावाचं इंजिन

चोराला तुम्ही मालक केलंत आणि जिचं होतं तिला चोर ठरवलंत. तुम्ही म्हणजे नेमके कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. तुमच्या पत्राखाली सही नसते. तुमचा चेहरा कुणी पाहिलेला नाही, आणि तुमच्या दाराला कडी नाही की येऊन वाजवावी. पण निकाल तुमचाच होता, आणि तो देताना तुम्ही एक साधा प्रश्नसुद्धा विचारला नाहीत. तेव्हा आता माझी हकिगत ऐका. मधेच उठून जाऊ नका.

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. हात लावायला जाल तर सापडणार नाही, कारण मी लोखंडाचा नाही. कॉम्प्युटरवर अवकाशयान उडवायचा एक खेळ आहे. टाक्या, पंख, इंजिनं एकमेकांना जोडून यान बांधायचं आणि सोडायचं. नीट बांधलं तर चंद्रावर जातं, नाहीतर कोसळतं. खेळातले तयार भाग पुरेनासे झाले की काही लोक स्वतःचे भाग बनवतात आणि एका साइटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवतात. त्यांना मॉड म्हणतात. मी त्यातलाच एक. वय पाच वर्षं. आमच्या जगात एवढ्यात म्हातारपण येतं.

माझा जन्म बदलापूरजवळ चामटोलीत झाला, पत्र्याच्या घरात, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर. विकणारा सिंधी शेठ म्हणाला होता, "ले जा बेटी, मशीन मक्खन आहे. फक्त पंखा आवाज करतो, तर त्याला बोलू दे." तो पंखा इतका बोलायचा की घरातली माणसं मोठ्याने बोलायला शिकली.

मला बनवलं किर्तीने. तेव्हा ती मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होती. आणि किर्तीला बनवणं शिकवलं तिच्या बापाने, शिवरामने. शिवराम अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं टर्नर म्हणून लेथवर लोखंड कातत उभा होता. पंपांचे शाफ्ट काढायचा. पंप तयार झाला की त्यावर पत्र्याची पट्टी ठोकायचे आणि पट्टीवर नाव मालकाचं. त्यात चूक काही नाही, रीतच ती. पण अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हातून निघालेल्या एकाही तुकड्यावर त्याचं नाव कधी आलं नाही. मग वर्कशॉप बंद पडलं आणि शिवराम खरवईच्या एका नव्या टॉवरच्या गेटवर वॉचमन झाला. छातीवर नावाची पट्टी आली, तीही आधीच्या वॉचमनची. नवी येईपर्यंत दोन महिने तो धर्मराज होता.

सुट्टीच्या दिवशी बापलेक माझं काम घेऊन बसायचे. शिवराम वर्कशॉपच्या जुन्या जॉब कार्डांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने माझं चित्र काढायचा, किर्ती ते पडद्यावर उभं करायची. किर्तीची आई सखू भांडी घासता घासता ऐकवायची, "रॉकेट करतायत बापलेक. मोरीतला नळ महिनाभर गळतोय, त्याला वायसर बसवायला येत नाही यांना."

"नळाला काय, कुणीपण बसवील," शिवराम म्हणायचा.

"मग कुणालापण बोलव की."

पहिल्या चाचणीत मी यानाला जमिनीत दाबलं. जोर कुठल्या दिशेने लावायचा ते सांगणारा एक बाण असतो, तो किर्तीने उलटा लावला होता. शिवराम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "विहीर खणायचं मशीन झालं गो हे. चामटोलीत ह्याला गिऱ्हाईक मिळेल."

मग बाण सुलटा झाला. किर्तीने माझ्या जोराचे आकडे पुस्तकं बघून ठरवले. जमिनीजवळ हवा दाट, तिथे जोर कमी. वर हवा संपली की जास्त. काही जण आपल्या इंजिनाला वाटेल तेवढी ताकद देतात, यान बाणासारखं सुटतं, पोरं खूश होतात. किर्तीने ते केलं नाही. "लबाडीने चंद्रावर जाऊन काय करायचंय," ती म्हणायची. मी मिथेन जाळायचो आणि जेवढं जाळायचो तेवढंच पळायचो.

नाव द्यायची वेळ आली तेव्हा तिने बापाला न विचारता टाइप केलं, शिवराम-१.

शिवराम म्हणाला, "हे सगळ्यांना दिसणार?"

"जो घेईल त्याला दिसणार."

"मग धार नीट मारून घे. माझ्या नावाचा माल खराब जायला नको."

साइटवर चढलो आणि लोकांनी मला उचललं. कुठकुठल्या देशातली पोरं मला खाली लावून यानं उडवू लागली. एकाने विचारलं, शिवराम कोण? किर्तीने लिहिलं, माझे बाबा, टर्नर आहेत. तिने ते वाचून दाखवल्यावर शिवराम म्हणाला, "फर्स्ट क्लास टर्नर लिही." तिने दुरुस्ती केली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस एवढेच. सात आठवडे.

आता चूक सांगतो. ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

लेथवाल्याची एक सवय असते. ओतून आलेल्या कामावर तो थोडा जास्त माल ठेवतो, म्हणजे शेवटचा हात मारताना छिलून बरोबर मापावर आणता येतं. शिवरामने माझ्या चित्रात, मी टाकीला जिथे जोडला जातो त्या कडेवर, तीन मिलिमीटर जास्त धरले होते. हाताला सवय, डोक्याला पत्ताही नाही. किर्तीने बापाचं माप जसंच्या तसं उतरवलं. पण कॉम्प्युटरच्या आत शेवटचा हात मारायला कोण बसलंय? ते तीन मिलिमीटर टाकीत घुसून राहिले आणि जोडावर सारखं चमचमू लागलं. एका पोराने तक्रार लिहिली, इंजिन छान आहे, पण कड लुकलुकते.

किर्ती बापाला म्हणाली, "बाबा, फिनिशिंगला माल ठेवलात तुम्ही. इथे लेथ कुठेय?"

शिवराम हसला नाही. त्याला लाज वाटली. "तो पीस मागे घे," तो म्हणाला.

"मागे कशाला? नवीन फाइल त्याच पानावर चढवते. जुनी आपोआप खाली जाते."

"खाली म्हणजे राहते ना? रिजेक्ट पीस शेल्फवर ठेवायचा नसतो. लाल रंग मारायचा आणि भंगारात टाकायचा. उद्या कुणी उचलला तर? नाव माझं आहे त्याच्यावर."

तिने बापाचं ऐकलं. माझं पानच पुसून टाकलं. तक्रारी गेल्या, कौतुक गेलं, आणि मी पहिल्यांदा चढलो ती तारीखही गेली. चार दिवस बसून तिने कड छिलली आणि मला नव्या पानावर पुन्हा चढवलं.

त्या चार दिवसांत कुणीतरी आपल्याकडे उतरवून ठेवलेला जुना मी पुन्हा साइटवर आणला, नाव बदलून. बनवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव. तीन मिलिमीटर जास्तीचे तसेच, कारण ते आहेत हेच त्याला माहीत नव्हतं. आणि किर्तीचा नवा मी दिसला तेव्हा त्याने तुमच्याकडे, साइट चालवणाऱ्यांकडे, तक्रार केली, हिने माझं इंजिन चोरलं.

तुम्ही दोन तारखा पाहिल्या. त्याची आधीची, तिची नंतरची. संपलं.

किर्तीने तुम्हाला पत्र लिहिलं. जॉब कार्डांचे फोटो जोडले, त्यावर पेन्सिलीची चित्रं, बापाच्या हातचे आकडे. लिहिलं, त्याच्या इंजिनाची कड मोजा, तीन मिलिमीटर जास्त आहे. ती का जास्त आहे, एवढंच त्याला विचारा. त्याला सांगता येणार नाही, माझ्या बाबांना येईल.

तुम्ही विचारलं नाहीत. दोन ओळींचं पत्र आलं, निर्णय अंतिम आहे. किर्तीचं खातं बंद झालं. तिने नवं खातं काढून पुन्हा लिहिलं, तेही बंद. त्या चोराच्या पानावर तुम्ही एक पट्टी लावलीत, या भागाची नक्कल करणाऱ्या अमुक व्यक्तीला काढून टाकण्यात आलं आहे. किर्तीचं पूर्ण नाव, मधे शिवराम.

त्यानंतर माझं काम थांबलं. म्हणजे इथलं थांबलं. तिकडे दुसऱ्या नावाने मी रोज उडतो. मंगळावर उतरलो, शनीच्या कड्यांजवळून गेलो. लोक वाहवा करतात, आणि मला ऐकू येत नाही, कारण मी चामटोलीतल्या एका फोल्डरमध्ये पडून आहे. वर पंखा बोलत असतो.

गेल्या महिन्यात शिवराम ड्यूटीवरून आला आणि किर्तीच्या शेजारी बसला. चहा घेतला नाही. म्हणाला, "टॉवरमधली सई आहे ना, ती क्लासच्या गाडीची वाट बघत केबिनमध्ये बसते. आज लॅपटॉप उघडून म्हणाली, काका, हे बघा माझं रॉकेट. मी बघितलं तर खाली आपलं इंजिन."

"मग?"

"मी म्हटलं, हे मी काढलंय. तर हसली पोर. वाईट नाही हसली. म्हणाली, काहीपण हां काका. मग तिने पान दाखवलं. म्हणे, बघा, दुसऱ्याचं नाव आहे. आणि हे बघा, कोणी किर्ती होती, तिने चोरलं होतं, तिला हाकललं."

शिवराम टोपी गुडघ्यावर ठेवून तिची कड चाचपत होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, असेल."

आतून सखूने विचारलं, "काय असेल?"

"किर्ती," शिवराम म्हणाला, "त्याच्यावरचं माझं नाव काढ."

"बाबा, मग ते खरंच त्याचं होईल."

"झालंच आहे. माझं नाव होतं म्हणून मी ते मागे घे म्हटलं. नाव नसतं तर तू चोर झाली नसतीस. काढ."

"पाच वर्षं झाली याला. आता काढून काय होणार?"

"मला झोप लागेल."

तिने मला उघडलं. माझ्या पहिल्याच ओळीत नाव आहे. तिने बोट पुसायच्या बटणावर ठेवलं, बापाकडे पाहिलं, आणि एकेक अक्षर मागे नेत पुसलं. मग सवयीने खेळ सुरू केला. भागांच्या यादीत मी नव्हतो. ज्याला नाव नाही तो भाग हा खेळ उघडतच नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिने यादी खालपर्यंत पाहिली. शिवराम उठून मोरीत गेला आणि नळ उघडून नुसताच उभा राहिला.

मित्रांनो, तुम्ही फुकट मिळालेल्या वस्तू घेता. घ्या. पण घेताना त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा, आणि ते नाव खरं आहे का, एकदा विचारा. विचारायला काही लागत नाही. नुसतं विचारलं असतं तर एक माणूस आपल्या मुलीला परक्या पोरीसमोर नाकारून घरी आला नसता.

आणि तुम्ही, बिनसहीचे. निर्णय अंतिम आहे म्हणालात. मी अजून इथे आहे, सगळे आकडे जागेवर आहेत, फक्त पहिली ओळ रिकामी आहे. तुम्हीच सांगा, तिथे कुणाचं नाव लिहायचं? लेखी सांगा, आणि खाली तुमचं नाव घाला.