हाताला यश

“ह्या पायऱ्या बसवल्यान कुनी, बोकडांसाठी काय?” धापा टाकत मैना पडवीत टेकली. मागून तिची सून मृणाली वाकून, पोट धरून चढली.

पायऱ्या तुळसाच्या नवऱ्याने बसवल्या होत्या आणि मैना तीस वर्षं त्यांना नावं ठेवत आली होती. तुळसा हसली. मग तिने मृणालीचा चेहरा बघितला आणि हसू आवरतं घेतलं.

शाळेत खिचडी शिजवून तुळसाचा संसार चालला, पण नाव झालं ते बेंबी बसवण्याने. दुखऱ्या पोटावर पेटती पणती ठेवायची, वर तांब्या पालथा घालायचा. पणती विझते, तांब्या कातडी ओढून धरतो आणि सरकलेली बेंबी जागेवर येते, अशी केळशीपासून आंजर्ल्यापर्यंत सगळ्यांची खात्री.

“सकाळी ख्येडला नेली व्हती,” मैना सांगू लागली. “तो सुयावाला हाय ना, चिनी सुया टोचून कंबरा बऱ्या करतो? त्यानं पोट दाबलान न् सुया परत डबीत ठिवलान. म्हनतो, अपेंडिक्स. सर्जनकडं जावा. येळेत गेलात तर एखाद्याचा नुसत्या औषधावर, सलायनीवरपन भागतो. न्हायतर बारीकसा आपरेशन.”

“मग?”

“मग काय? आमचा राजेंद्र मुंबैस्न फोनवर सांगतो, चिनी लोकपन तांब्याच लावतात, काचेचा. म्हटलं काचेचा कशाला, आपली तुळसा हाय.”

तुळसाने मृणालीला आडवं केलं. बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, बोटं दाबली. पोरीने दात आवळले. हात उचलला तशी मात्र ती कळवळली. अगदी तस्संच.

चौदा महिन्यांपूर्वी तिचा लेक महेंद्र शिमग्याला घरी आला होता. दोन दिवस त्याचं पोट दुखलं. तुळसाने तीनदा तांब्या लावला. तिसऱ्या खेपेला दुखणं एकदम थांबलं आणि लेक उठून पेज जेवला. दुसऱ्या दिवशी अंग तव्यासारखं. खेडचे डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटल्यावर कधीकधी थोडा वेळ बरं वाटतं. नवव्या दिवशी तो गेला.

गाव म्हणालं, आयुष्य तेवढंच. सून रसिका तुळसाला दोन वेळा ताट वाढते, बीपीच्या गोळीची आठवण करते. तांब्या तेवढा तिने माळ्यावर टाकला. आल्यागेल्याला आता प्लास्टिकच्या जगमधून पाणी मिळतं. तांब्या कुठे गेला, हे तुळसाने कधी विचारलं नाही.

“माजा हात दुकतो गो,” तुळसा म्हणाली. “रिक्षा बोलव न् हिला ख्येडास ने.”

“हात दुकतो म्हनं. आमच्याच येळेला बरा दुकतो.” मैनाने पदराने सुनेचा घाम टिपला. “वाईच लाव. तुज्या हाताला यश हाय. महेंद्राचापन दुखना तू थांबवलासच की. म्होरचा नशिबाचा.”

रसिका पाण्याचा जग घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

तुळसा बोलली मैनाशी, पण बघत राहिली सुनेकडे.

“थांबला न्हवता गो. फुटला व्हता. मी फोडला.”