‘येते’ म्हटल्यावर

शनिवारी दुपारपासून त्या शहरातला प्रत्येक रस्ता मला एकाच बेकरीत आणून सोडू लागला. कारण एवढंच होतं, की बेकरीतून निघताना मी ‘येते हं’ म्हणाले होते.

मुद्दाम म्हणाले नव्हते. आमच्या संगमनेरच्या घरात निघताना ‘जाते’ कुणी म्हणत नाही. जाते म्हणजे कायमची जाते, असा सरळ अर्थ. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघालं तरी ‘येते’ म्हणायचं, आणि घरात राहणाऱ्याने ‘ये’ म्हणायचं. गॅसचा सिलिंडर ठेवून निघालेल्या माणसालाही आई ‘या’ म्हणते. ही सवय घेऊनच मी परदेशात आले आणि इथल्या दुकानदारांना, डॉक्टरांना, लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना हळूच ‘येते’ म्हणत राहिले. उत्तर अर्थातच कुणी दिलं नाही. त्या बेकरीतल्या बाईने दिलं. कोपरापर्यंत पीठ लागलेले हात तिने काउंटरवर टेकवले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “या.”

मला इतकं बरं वाटलं, की ती मराठी कशी बोलते हे विचारायचं राहूनच गेलं. पुढे सगळं शहरच मराठी बोलताना ऐकलं, तेव्हा विचारण्यात काही राम उरला नव्हता.

आम्ही तिघं होतो. मी राजश्री, मिरजेचा विश्वजित मगदूम म्हणजे विश्वा, आणि लातूरची कावेरी. एकाच कारखान्यात आम्ही डिझाइनचं काम करतो आणि एकाच लहानशा गावात राहतो. तिथे सुट्टीच्या दिवशी इतकी शांतता असते, की कुकरची शिट्टी झाली तरी ओशाळल्यासारखं होतं. म्हणून शनिवार-रविवार हे शहर बघायला बसने आलो होतो. नदी, ट्राम, एक जुनं संग्रहालय, आणि रविवारी संध्याकाळी परतीची बस, एवढाच बेत होता.

बेकरीतून आम्ही नदीकडे गेलो. पुलाच्या पायऱ्या उतरले, तर शेवटची पायरी बेकरीच्या काउंटरसमोर होती.

“आलात,” बाई म्हणाली आणि तिने माझ्यापुढे एक पाव ठेवला.

पाव घेऊन मी बाहेर पडले, कोपरा वळले आणि पुन्हा बेकरीत आले. मग एका दुकानात स्वेटर घालून बघायला पडद्यामागे गेले, तर पडद्यामागे बेकरी होती. तेव्हा मला आठवलं, की सकाळी ट्राम चालवणाऱ्या माणसालाही मी ‘येते’ म्हणाले होते आणि संग्रहालयात कोट सांभाळणाऱ्या आजोबांनाही. दोघेही काहीतरी पुटपुटले होते; ते ‘या’ होतं हे आत्ता कळलं. त्यामुळे बेकरीतून सुटका झाली की मी ट्राममध्ये बसलेली असे, आणि ट्राममधून उतरले की कोटांच्या खिडकीपाशी उभी.

“अगं, कुठं गायब व्हायलीस सारखी?” नदीकाठच्या बाकावरून कावेरीने फोन केला.

“बेकरीत आहे.”

“अजून? किती खायलीस!”

कावेरीला काहीच होत नव्हतं. ती कुणाचा निरोपच घेत नाही. वाढदिवसाच्या पार्टीतूनही अशी निघते, की रिकामी खुर्ची दिसली की आम्हाला कळतं. विश्वा मात्र ट्रामवाल्याला ‘येतो’ म्हणून बसला होता, त्यामुळे तो दिवसभर ट्राममध्येच फिरत राहिला. रात्री हॉस्टेलच्या खोलीचं दार उघडून मी आत शिरले ती बेकरीत. पिठाच्या पोत्यांवर झोपले. भट्टीची ऊब होती, झोप छान लागली, खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी कावेरी शोधत आली. तेवढ्यात ट्रामही बेकरीसमोर येऊन थांबली आणि तिच्या दारात विश्वा उभा होता, दाढी वाढलेला.

“यात अवघड काही नाही,” बेकरीवाली बाई म्हणाली. “‘जाते’ म्हणा. शब्द मागे घेतला की रस्ते सरळ होतात.”

“इथला शब्द ना?” मी विचारलं.

“शब्द एकच असतो. जिथे जिथे दिलात तिथला सगळा मागे जातो.”

विश्वाने पुढचं ऐकलंच नाही. “एवढंच होय? आधी सांगायचं की! जातो बाबांनो, जातो!” तो ओरडला आणि ट्राममधून खाली उतरला. त्याच्या पायापासून थेट बसस्टँडपर्यंत रस्ता सरळ झालेला आम्हाला दिसला. कावेरीने टाळ्या वाजवल्या. खुशीत येऊन त्याने तिथूनच घरी फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

“आपण कोण बोलताय?” त्याच्या वडलांनी विचारलं.

“दादा, मी विश्वा.”

“कोण विश्वा? नंबर चुकलाय बघा तुमचा,” वडील नम्रपणे म्हणाले. “आमच्यात या नावाचं कुणी नाही.”

विश्वाने फोन खिशात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वडलांनी त्याला ‘आपण’ म्हटलं होतं. चेहऱ्यावर त्याच्या काही दिसलं नाही, फक्त बोलणं बदललं. “मी बसकडे निघतो. तुम्हीही निघा,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यातला ‘की’ गेला होता. मिरजेचा माणूस ‘निघा की’ म्हटल्याशिवाय राहत नाही. तो त्या सरळ रस्त्याने गेला आणि एकदाही वळून बघितलं नाही.

मला आमचं दार आठवलं. चार वर्षांपूर्वी बॅगा रिक्षात ठेवून मी दारात उभी राहिले आणि ‘येते’ म्हणाले. माझं परदेशी जाणं आईला पटलेलं नव्हतं. सिलिंडरवाल्यालाही ‘या’ म्हणणारी माझी आई मला म्हणाली, “जा.” आवाज चढवला नाही, रडली नाही. नुसतं ‘जा’. ते मला अजून लागतं. तेव्हापासून दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो, कोणाचं लग्न ठरलं, गवार कशी महागली सगळं बोलतो, आणि शेवटी ती ‘ठेवते’ म्हणून फोन ठेवते. ‘ये’ म्हणत नाही. मीही गेलेले नाही. कधी रजेचं कारण सांगते, कधी व्हिसाचं. खरी गोष्ट अशी, की तिने म्हटल्याशिवाय मी जाणार नाही आणि मी गेल्याशिवाय ती म्हणणार नाही. पण माझं ‘येते’ मी मागे घेतलेलं नाही. ते अजून त्या दारात आहे.

“मी म्हणणार नाही,” मी बाईला सांगितलं.

“बस चुकेल.”

“चुकू दे.”

दुपार उलटली तसं शहर जवळ यायला लागलं. आधी घड्याळाचा मनोरा खिडकीला येऊन चिकटला आणि खिडकीभर नुसते काटे दिसायला लागले. ट्रामचे रूळ उंबरठा ओलांडून आत आले, मागोमाग ट्राम आली आणि पावांच्या फळ्यांशेजारी उभी राहिली. छतातून संग्रहालयातले कोट लोंबू लागले. काउंटरखालून न्हाणीघराच्या मोरीएवढी नदी वाहत होती. दार दोन्ही बाजूंनी आवळत चाललं होतं.

“म्हण ना गं बाई एकदाचं,” कावेरी म्हणाली. “आईला काय, नंतर समजावता येतंय.”

“विश्वाच्या वडलांना समजावून ये मग.”

तिचे डोळे भरून आले होते. दार आता जेमतेम एका माणसापुरतं उरलं होतं आणि तिची बस निघायची होती. दारापाशी वळून तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तशी मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

“एक शब्द बोलू नकोस. नेहमी निघतेस तशी नीघ.”

तिने मान हलवली आणि आडवी होऊन बाहेर पडली. तिच्या या सवयीला आम्ही किती नावं ठेवली होती! त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला.

आत आम्ही चौघं उरलो. बेकरीवाली बाई, ट्रामवाला, कोटवाले आजोबा आणि मी. बाईने माझ्यासमोर एक धुतलेला पांढरा एप्रन धरला.

“तुम्ही ‘येते’ म्हणालात,” ती म्हणाली. “सारखं येऊन निघून जाणं याला येणं म्हणत नाहीत. एकतर ‘जाते’ म्हणा, नाहीतर हा बांधा.”

मी एप्रन घेतला, त्याची चौपदरी घडी केली, दाराच्या उंबरठ्यावर टाकली आणि तिच्यावर बसले. आमच्यात उंबरठ्यावर बसू देत नाहीत. आई असती तर पाठीत धपाटा घातला असता. म्हणूनच बसले.

“‘येते’ म्हणणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं,” मी म्हणाले. “निरोप घ्यायचा, जायचं आणि मग यायचं. तुम्ही मधलं सगळं गिळून टाकलंत. तुम्हाला नुसतं ‘या’ म्हणता येतं. वाट बघता येत नाही.”

“वाट कोण बघतं तुमची?” ट्रामवाल्याने विचारलं. “तुमच्या आईने तर ‘जा’ म्हटलं होतं.”

हे त्याला कसं कळलं ते मी विचारलं नाही. यांच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. “ते आमचं आम्ही बघू,” मी म्हणाले. “माझा पहिला शब्द तिला दिलेला आहे. तुम्ही मागे रांगेत उभे राहा.”

“त्या शब्दाला उत्तर आलेलं नाही,” आजोबा म्हणाले. “उत्तर न आलेला शब्द आम्ही धरत नाही.”

मी आईला फोन लावला. तोवर घडी घातलेल्या एप्रनचे बंद माझ्या खालून निघून कमरेभोवती आले होते.

“आज उशीर केलास,” आई म्हणाली. “भाकऱ्या चालल्यात माझ्या. बोल.”

“आई, मी येते.”

तिकडे भाकरी थापल्याचा आवाज थांबला. इकडे ट्रामची घंटा थांबली.

“चार वर्षं ऐकतेय,” आई म्हणाली.

“मग ‘ये’ म्हण.”

“आधी येऊन दाखव, मग म्हणते.”

“आधी म्हण, मग येते.”

“मी नाही म्हणायची.”

बंदांची पहिली गाठ बसली. पाठीमागे बाई भट्टीतले पाव चिमट्याने उलटत होती आणि तिला काही घाई नव्हती.

“नको म्हणूस,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “पण ‘जाते’ मी म्हणणार नाही. त्या दिवशी म्हणाले नाही, आज म्हणणार नाही. तू हजारदा ‘जा’ म्हण. मी ‘येते’च म्हणणार. कळलं का?”

पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मग आई बोलली, मांजराला हाकलावं तशा सुरात.

“दार नुसतं लोटलेलं असतं. कडी मी लावत नाही.”

“कधीपासून?”

“भाकरी करपली बघ तुझ्यापायी,” ती म्हणाली. “ठेवते.”

समोर बघितलं तर दाराची फट बुजली होती आणि तिथे आमचं दार होतं. हिरवा रंग, पाण्याने खालून कुजलेली फळी, दुधाची पिशवी अडकवायचा खिळा. दार लोटलेलं होतं.

“हे उत्तर नव्हे,” आजोबा म्हणाले. “‘ये’ म्हटलं नाही तिने.”

“आमच्यात यालाच ‘ये’ म्हणतात.”

मी कमरेची गाठ सोडली, एप्रन बाईच्या हातात दिला आणि उभी राहिले. तिघांकडे नीट बघत, अख्ख्या शहराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “येते.”

या वेळी कुणी ‘या’ म्हणालं नाही.

मी दार ढकललं. आत अंधार होता आणि काहीतरी करपल्याचा वास येत होता. पाव की भाकरी, ते उंबरठ्यावरून कळत नव्हतं. मी पाय आत टाकला.