अर्धी कॅम्प पाचला, अर्धी बदलापूरला

मी जे सांगणार आहे त्यावर, बालमित्रांनो, तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच लिहून देते. माणसांच्या कोर्टात माझ्यापायी दोन वर्षं भांडण चाललं आणि ते शेवटी मी एकटीनं मिटवलं. हसा. हसून झालं की ऐका.

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. उशांचे अभ्रे शिवणारी, पायानं कुरकुरत चालणारी घरगुती बाई नव्हे, जीन्सची मशीन. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका कारखान्यात मी कामाला लागले. पहिल्याच दिवशी चारशे पँटींना कंबरपट्टे लावले आणि जेवणाच्या सुट्टीत, कोणी बघत नाही असं पाहून, कारखान्याच्या फाटक्या पत्र्यालाही दोन टाके मारले. तो पत्रा अजून गळत नाही. सेठ म्हणायचा, ही मशीन नाही, हत्ती आहे. मी मनात म्हणायचे, हत्तीनं कधी सरळ टीप मारली आहे का?

कारखाना बंद पडला तेव्हा तिथलीच कारागीर संध्या मला घरी घेऊन आली. तिचा नवरा राजरत्न अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होता. त्यानं मला नवी मोटर बसवली, जाड लाकडाचं टेबल करून दिलं. टाका सुटायला लागला की तो माझ्या अंगाला कान लावून ऐकायचा, कुठलासा स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि मी पुन्हा शहाणी व्हायचे. त्यांची पायल, हीच जी आत्ता तुमच्यामागे बसून काजं करते आहे, ती पाळण्यात माझ्याच आवाजावर झोपायची. मी थांबले की रडायची. इतकी किंमत मला पुढे कोणी दिली नाही.

मग दोन हजार पाचच्या सुमारास त्या दोघांचं पटेनासं झालं. का, ते मला विचारू नका. टीप कुठे उसवली ते मला कळतं, का उसवली ते कळत नाही. राजरत्न बदलापूरला आईकडे राहायला गेला. इथपर्यंत ते दोघांचं दुःख होतं. त्यानंतर नातेवाईक आले.

नातेवाइकांइतकी निरुपयोगी चीज मी पाहिलेली नाही, आणि मी मोडक्या कात्र्यांच्या डब्याशेजारी वर्षं काढली आहेत. संध्याचा धाकटा भाऊ चंदर, ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही, तो म्हणाला, मशीन ताईची. बदलापूरहून राजरत्नच्या आई गंगूबाई आल्या आणि म्हणाल्या, मोटर नि टेबल माझ्या पोराच्या घामाचं. मग या दोन विद्वानांनी शेजारून पाना आणवला. माझं मुंडकं कॅम्प पाचला राहिलं, धड टेम्पोत बसून बदलापूरला गेलं. अख्खी चाळ बघायला जमली होती. अर्धी मशीन शिवते का, एवढं विचारायला अक्कल लागते. ती त्या दिवशी कोणी घरून आणली नव्हती.

पुढे कोर्ट. घटस्फोट दोघांनाही हवा होता, तरी भांडण सुटेना, कारण दोन्ही वकिलांच्या कागदात मी होते. एका तारखेला चंदरनं माझं मुंडकं पोत्यात घालून रिक्षातून कोर्टात नेलं, पुरावा म्हणून. त्याच दिवशी गंगूबाई मोटरीसकट टेबल घेऊन हजर, तेही पुरावा म्हणून. व्हरांड्यात मी इथे आणि माझं धड दहा हातांवर. चार बोल्ट लावले असते तर मी तिथेच सगळ्या वकिलांचे उसवलेले काळे कोट शिवून दिले असते. तीस-चाळीस शिकलेली माणसं आम्हाला ओलांडून गेली. पुढची तारीख पडली आणि आम्ही दोन दिशांना परत आलो.

आणि संध्या? जिच्या हाताखाली मी धावले, ती आता घरी बसून दुसऱ्यांनी शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापत होती. बोटं निळी, मान खाली. ती पुन्हा मशीनवर बसणार की जन्मभर धागे कापणार, प्रश्न एवढाच होता. तो सोडून बाकी सगळ्यावर वाद झाले.

एका तारखेला न्यायाधीशांनी दोघांना विचारलं, मध्यस्थाकडे जाऊन बोलून बघता का? वकिलांच्या माना नाही म्हणून हलल्या. संध्या हो म्हणाली. घरी आल्यावर चंदर तिच्यावर तापला.

"ताई, तू घाबरली असं बोलतील लोक. जिंकत आलेली केस आपली."

"बोलू दे. लोक माझे धागे कापायला येतात का?"

"आणि तो डोक्यावर बसला तर?"

"माझं डोकं आहे ना, चंदर. तू तुझं सांभाळ."

तिकडे राजरत्ननंही होकार दिला, तोही आईला न विचारता. बदलापूरला म्हणे दोन दिवस स्टो पेटला नाही.

आता खरी गोष्ट. मध्यस्थीसाठी उमाताई नावाच्या बाई होत्या. त्यांनी पहिल्यांदा चंदर आणि गंगूबाई या दोन्ही रत्नांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं. एवढ्यावरूनच मी ओळखलं, बाई हुशार आहे. मला मेजावर मधोमध ठेवलं. दोघं एकमेकांकडे बघेनात. तेव्हा मी, मोटर नाही, वीज नाही, पट्टा नाही, अशी एकदम सुरू झाले! मेजावर दोघांचे आरोपांचे कागद होते, ते मी एकमेकांना शिवून टाकले. डबल टीप. राजरत्ननं सवयीनं कान पुढे केला.

"टायमिंग गेलंय हिचं," तो म्हणाला.

"मग लावून दे की," संध्या म्हणाली.

झालं. पुढच्या रविवारी तो टेबल आणि मोटर घेऊन आला, दुपारभर खपून मला जोडलं, चहा प्यायला आणि गेला. ती दोघं पुन्हा एकत्र आली नाहीत, उगाच टाळ्या वाजवू नका. दोघांनी मिळून एक अर्ज केला आणि सहा महिन्यांनी कोर्टानं त्यांना रीतसर वेगळं केलं. संध्या पुन्हा माझ्यासमोर बसली. तो अजून मला तेल द्यायला येतो आणि पायलला फिरायला नेतो.

तेव्हा मित्रांनो, मोठेपणी वेगळं व्हायची वेळ आली तर व्हा, पण चालती वस्तू मोडू नका. तिला वेळेवर तेल द्या. आणि तिसऱ्याच्या हातात पाना देऊ नका. हे शहाणपण मी त्या बंद खोलीत, स्वतःच्या डोळ्यांनी बघून...

"खोटं," पायल म्हणाली. काजाची सुई तिनं तशीच पँटीत टोचून ठेवली. "आतलं बोलणं बाहेर सांगायचं नाही म्हणून दोघांनी सही केलीय. आईनं मला अजून सांगितलं नाही, पप्पांनी पण नाही. आणि तू तिथं नव्हतीसच. तू घरी होतीस, पलंगाखाली, पोत्यात. मला माहितीये. ते परत येईपर्यंत मी तुलाच धरून बसले होते."