सुमनबाईचा सत्कार

"सेवा करते असं लिवू नको," सुमनबाई म्हणाली. "हागमूत काढते, ते लिव."

वैष्णवीचा पेन थबकला. ती परभणीच्या एका संस्थेकडून सोनपेठला आली होती. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्या बायकांचे अनुभव ती गोळा करत होती. सत्तर-ऐंशी अनुभव जमले की जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांपुढे ठेवायचे आणि मागणी करायची, की अशा घरांना महिन्यातून काही दिवस तरी बदलीचं माणूस द्या.

"शरीरस्वच्छता लिहू का मावशी?"

"तुला वास येतोय का न्हाई? येतोय ना? मग तेच लिव."

वैष्णवीने ते तसंच लिहिलं. पोरगी गुणाची होती.

सुमनबाईचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि सासूला, म्हणजे आत्याबाईंना, लकवा मारून सहा. धाकटा दीर परमेश्वर परभणीत एका कचेरीत क्लार्क. सणासुदीला यायचा, आईच्या पायावर डोकं ठेवायचा, किलोभर सफरचंदं ठेवायचा आणि 'वहिनी, तुमच्यासारख्या तुमीच' म्हणून संध्याकाळच्या एसटीने परत. आत्याबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता.

आणि सुमनबाईची स्वतःची माय येलदरीला एकटी. श्रावणात न्हाणीत पडली, खुब्याला मार बसला. शेजारची सरजाबाई दोन वेळा भाकरी द्यायची, पण भाकरी दिली म्हणजे झालं का? तिला उठवायचं कोणी, न्हाऊ घालायचं कोणी? सासू धुऊनपुसून स्वच्छ आणि जन्म देणारी घाणीत, हे सुमनबाईला रोज खायचं. शेवटी परमेश्वरच्या हातापाया पडून तिने कबूल करून घेतलं होतं, की दिवाळीनंतर एक महिना आत्याबाई त्याच्याकडे. माय रोज फोनवर विचारायची, "कवा येतीस?" आणि सुमनबाई म्हणायची, "दिवाळी होऊ दे."

दसऱ्यानंतर वैष्णवीचा फोन आला. "मावशी, परभणीला कार्यक्रम आहे. मोठे साहेब येणारेत. तुम्ही पाच मिनिटं बोला. तुम्ही मला सांगितलं ना, तसंच."

सुमनबाईने शेजारच्या केशरबाईला दिवसभर आत्याबाईंजवळ बसवलं. एसटीत खिडकीशी बसून ती मनातल्या मनात पाठ करत गेली. साहेब, मला पैसा नको, धान्य नको, एक माणूस द्या. मला मपल्या मायला न्हाऊ घालायचंय.

सभागृहाच्या दारावर फलक होता, 'सेवाव्रती मातांचा भव्य सत्कार'. वैष्णवी दारातच उभी होती, पडल्या चेहऱ्याने.

"मावशी, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी सगळं बदललं. म्हणाले, मागण्या वाचायला लागलं की पाहुणे घड्याळ बघतात. सत्कार ठेवला की थांबतात."

"आन् तू लिवलेलं?"

"फाइलीत आहे."

फाइलीत गेलेल्याचं काय होतं ते सुमनबाईला ठाऊक होतं. नवऱ्याच्या शेतीचा फेरफार अजून फाइलीतच होता.

भाषणं दोन तास चालली. एकाने आईची थोरवी सांगितली, दुसऱ्याने आजकालच्या सुना कशा बिघडल्या ते. मग तिचं नाव पुकारलं. शाल, नारळ, साडी, टाळ्या. परमेश्वरही नवा शर्ट घालून आला होता. "घरातल्यांनी वर यावं," म्हटल्यावर तो उडी मारूनच व्यासपीठावर चढला आणि फोटोत बरोबर मधोमध उभा राहिला.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक तिच्या तोंडाशी धरला आणि कानात सांगितलं, "दोनच शब्द हं."

"साहेब," सुमनबाई म्हणाली, "मपली माय येलदरीला पडून हाय. मला एक म्हैनाभर कोनी—"

माइक तिच्या तोंडापासून दूर गेला. "माउलींना भावना अनावर झाल्या आहेत!" बाईंनी जाहीर केलं. पुन्हा टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या साहेबांनी रुमाल काढला. सुमनबाईच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं. तिला फक्त राग आला होता, आणि हातातल्या नारळाचं काय करावं ते कळत नव्हतं.

बाहेर चहा होता. परमेश्वर कप घेऊन जवळ आला.

"वहिनी, लय भारी झालं. आमच्या हापिसातले सगळे बगायलेत ना मोबाइलवर."

"भाऊजी, दिवाळी दहा दिसांवर आली. आत्याबाईला कवा न्यायलात?"

त्याने चहा फुंकला. "त्येच बोलायचं व्हतं. कालपर्यंतची गोष्ट येगळी व्हती. आता तुमचं जिल्ह्यात नाव झालं. आता आईला हलवलं तर लोक काय म्हंतील? शाल घेतली आन् म्हातारी दुसऱ्याच्या गळ्यात मारली? मी तुमच्याच इज्जतीचं बोलायलोय."

"मला नको इज्जत. तुमी जबान दिली व्हती."

"तसं करून कसं चालंल वहिनी," तो समजुतीने म्हणाला. मग कोणीतरी हाक मारली आणि तो अभिनंदन स्वीकारायला गेला.

वैष्णवीने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा रडवेला झाला. "मावशी, पुढच्या वेळी मी—"

"तू काय करशील बाई," सुमनबाई म्हणाली. "तुजी नोकरी हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सरजाबाईच्या फोनवरून मायचा फोन आला. आवाज खोल गेला होता, पण खुशीत होता.

"सुमे, पेपरात तुजा फोटू आलाय म्हन. सरजाबाईनं वाचून दावलं. समद्या गल्लीला सांगितलं म्या."

"माय, आयक. दिवाळी झाली की मी कसंबी करून—"

"नगं." मायने तोडलं. "आता कशी येशील? एवढं नाव झालं तुजं. म्हातारीला टाकून आली म्हंतील. माहेराला बट्टा लागंल."

"लागू दे."

"येडी का काय! मपलं बरं हाय. मी उठते, बसते, अंगावर पानी बी घेते हातानं."

मागून सरजाबाईचा आवाज आला, "खोटं कशापायी सांगायलीस म्हातारे? चार दिस झाले, कूस बी—"

फोन बंद झाला. सुमनबाईने परत लावला. तीनदा लावला. येलदरीहून कोणी उचलला नाही.

आतून आत्याबाईंचा हुंकार आला. सुमनबाई उठली आणि त्यांची कूस बदलायला आत गेली.