सोमवारी पिवळा

"पिवळा? सोमवारी पिवळा?" मी ओरडलेच. "अहो, या इकडे, बघा तुमच्या लेकीचे प्रताप!"

उल्हास हातातला चहा घेऊनच आले. मोबाइलवर आमची अनुया, पिवळाधमक कुर्ता घालून. चिलीत समुद्रकाठी व्हिन्या देल मार नावाचं शहर आहे, तिथल्या माटियासशी लग्न करून ती गेली त्याला सात वर्षं झाली. आम्ही दोघं इथे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, तोआ पायोह नावाच्या वस्तीत, नवव्या मजल्यावर. डिसेंबरात पहिल्यांदाच तिच्याकडे जाणार होतो. तोवर चैन पडेना म्हणून तिनंच टूम काढली होती: नवरात्रात रोज संध्याकाळी सातला एक व्हिडिओ, रोज तिच्या गावातलं एक ठिकाण, आणि अंगात त्या दिवसाचा रंग. नऊ माळा, नऊ ठिकाणं.

"तर मंडळी," ती हात पसरून म्हणत होती, "हे आमचं फुलांचं घड्याळ! काटे खरे चालतात हं, आई. तू आलीस की तुझं मनगटी घड्याळ इथेच लावू."

उतारावर सगळी फुलंच फुलं आणि त्यात हे भले मोठे काटे. माझं लक्ष कुठलं तिकडे! सोमवारी पांढरा, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

"तिथे आत्ता सकाळचे आठ वाजलेत ना?" उल्हास म्हणाले. "मग घड्याळात सव्वानऊ कसे?" जन्मभर हिशेब तपासले, सवय जाते थोडीच.

"फुलांचं घड्याळ ते, जात असेल पुढे," मी म्हटलं आणि तिला आवाजी निरोप धाडला. "अनुया, गाढवे, आज पांढरा! साधी यादी बघता येत नाही? चाळिशी आली तरी वेंधळी ती वेंधळीच!"

एरवी कार्टीनं लगेच उलटा निरोप पाठवला असता, "आई, तू रंगांची पोलीस आहेस का?" म्हणून. या वेळी नुसतं एक लाल बदाम आलं.

मंगळवारी खडकावरचा किल्ला. खाली लाटा फुटताहेत आणि बाईसाहेब हिरव्यात. मंगळवारी लाल असतो! पुन्हा निरोप: "तुला शिकवून काही उपयोग नाही." पुन्हा बदाम. बुधवारी ईस्टर बेटावरून आणलेला दगडी पुतळा. "नाक बघ आई, थेट शैलेंद्रकाकांचं!" हसले मी, खोटं कशाला सांगू. पण अंगात राखाडी. बुधवारचा निळा कुठे गेला? "आईचं ऐकायचंच नाही असं ठरवलंयस का?" मी तिसरा निरोप पाठवला. बदाम.

गुरुवारी समुद्रात गेलेला जुना धक्का, आणि ती नारिंगीत. पिवळा पाहिजे तेव्हा नारिंगी! मी चौथ्यांदा मोबाइल तोंडाशी धरला, तर उल्हासनी माझा हात धरला.

"थांब सविता. हे कुत्रं बघ."

तिच्या पायाशी तांबडं भटकं कुत्रं होतं, एक कान तुटका. उल्हासनी मागचे तीन व्हिडिओ लावले. घड्याळापाशी तेच कुत्रं, किल्ल्यापाशी तेच, पुतळ्यापाशीही तेच. मग त्यांनी स्वतःच्या मोबाइलमधून माझे गेल्या नवरात्रातले फोटो शोधून काढले. पिवळा, हिरवा, राखाडी, नारिंगी.

"गेल्या वर्षी पहिली माळ गुरुवारी होती. तिनं जुनीच यादी धरली. हे सगळं तिनं आधीच, एकाच दिवसात करून ठेवलंय."

"पण का?"

विचारता विचारताच मला कळलं.

जानेवारीत उल्हासची अँजिओप्लास्टी झाली. संक्रांतीला ते हॉस्पिटलात होते, आणि मी अनुयाला तिळगुळाच्या लाडवांचा आदल्या वर्षीचा फोटो पाठवला होता. 'सगळं छान, बाबा जरा आडवे झालेत.' आठ दिवसांनी खरं सांगितलं तेव्हा ती रडली, भांडली. मी काय म्हटलं असेन? "एवढ्या लांबून तू काय करणार होतीस? उगाच जिवाला घोर!" त्यावर ती गप्प बसली होती. मला वाटलं, पटलं तिला. पटलंच होतं की.

फोन लावला. बऱ्याच वेळानं माटियासनं उचलला. त्याचं इंग्रजी मोडकं, त्यात रडू. अनुयाच्या डोक्यात गाठ होती. सोमवारी ऑपरेशन झालं, ती अजून शुद्धीवर आली नव्हती. 'नऊ दिवस आईला कळू द्यायचं नाही, दसऱ्याला मी स्वतः फोन करीन,' असं तिनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी गाडीत नऊ कुर्ते आणि वाटेत मागे लागलेलं एक कुत्रं घेऊन ती त्याच्याबरोबर गावभर फिरली होती.

रविवारी सकाळच्या विमानाची तिकिटं मिळाली. मधले दोन दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. इतके दिवस व्हिडिओ आणि बदाम माटियासच पाठवत होता; त्यानं विचारलं, उरलेलेही पाठवू का? मी म्हटलं, पाठव. शुक्रवारी बागेत ती पांढऱ्यात, झाडांच्या सावल्या लांबलेल्या. शनिवारी किनाऱ्यावर लाल. "पाय दुखले गं आई आता," म्हणाली आणि हसली. त्या दिवशी बदाम मीच पाठवलं.

रविवारी उजाडता उजाडता फोन वाजला. अनुया गेली.

उल्हास भिंतीला टेकून खालीच बसले. माटियास फोनवर बोलत राहिला, कुणाशी तरी बोलायला हवंच होतं त्याला. डॉक्टर म्हणाले होते, आपल्या माणसांचा आवाज तिच्या कानावर पडू दे. म्हणून माझे ते तीन निरोप तो रोज तिच्या कानाशी लावत होता, सकाळ-संध्याकाळ.

"मला भाषा कळत नाही, ममा," तो म्हणाला, "पण तुझा आवाज तिला ओळखीचा. काय सांगत होतीस तू तिला?"

गाढवे. वेंधळी. शिकवून काही उपयोग नाही. माझ्या लेकीनं जाताना हे ऐकलं. माझ्या तोंडून ऐकलं. देवा रे, जीभ का झडली नाही माझी!

"मी म्हणत होते," मी त्याला सांगितलं, "की तुझे रंग बरोबर आहेत. सगळे बरोबर."

"तिला फार बरं वाटलं असेल," तो म्हणाला.

टॅक्सी खाली येऊन थांबली होती. रविवार म्हणजे नारिंगी, तीच साडी मी रात्री इस्त्री करून ठेवली होती. ती कपाटात परत ठेवली. अनुयाच्या यादीत सातव्या माळेला निळा होता. मी निळी नेसले.